गेलेल्याची रायफल

अर्व्हिन हर्बस्टला तोंडावर सगळे अर्व म्हणत आणि पाठीमागे पोप. रायफल क्लबाच्या नियमांवरून त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा रोमला जाऊन आलेलं परवडतं, असं क्लबातली माणसं म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चांदमारीच्या मैदानावर कुणी भरल्या बंदुकीची नळी जराशी आडवी फिरवली, की एरवी जिना चढताना दोनदा थांबणारा हा म्हातारा तरातरा धावत यायचा आणि त्या माणसाला सर्वांदेखत मैदानाबाहेर काढायचा. मग तो गावचा मेयर का असेना. एकदा खरोखरच होता.

नोकरी त्यानं धातूची भुकटी दाबून गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात केली. साचे घासायचं काम. साचा केसाएवढा चुकला तरी हा परत पाठवायचा आणि फोरमन त्याच्या नावानं खडे फोडायचा. पण अवघड काम आलं की पहिली हाक त्यालाच जायची. बायको डोलोरेस, म्हणजे डॉली, म्हणायची, "याच्याशी संसार म्हणजे रोज उठून परीक्षेला बसणं." ती पन्नास वर्षं बसत होती, आणि बहुतेक वेळा परीक्षकच नापास व्हायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतल्या या गावात रायफल नसलेलं घर शोधून काढावं लागतं. पण घरातली रायफल हरणासाठी. तिला प्रत्येक गोळीमागे हातानं खटका ओढावा लागतो, आणि हरणाच्या शिकारीला तसलीच चालते, असा या राज्याचा नियम. क्लबातल्या रायफली वेगळ्या. त्या सेमी-ऑटोमॅटिक: चाप दाबला की एक गोळी सुटते आणि दुसरी आपली आपण नळीत येऊन बसते. त्यांनी हरीण मारायचं नसतं, माणूस तर नाहीच. लांबवरच्या कागदावर जो काळा गोल असतो, त्यात ठरलेल्या वेळेत भोकं पाडायची, बस्स. बाहेरच्यांना हे वेड वाटतं. अर्वला बाहेरचे वेडे वाटत.

त्यातही क्लबातल्या जुन्यांचा जीव गरँड रायफलीवर. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या खांद्यावर होती ती. अक्रोडाच्या लाकडाची, उचलली की खांद्याला आपलं वय कळावं अशी. एके काळी सरकारच ती क्लबांच्या सभासदांना टपालानं विकत असे. अर्वचा जिवलग दोस्त डॉमिनिक सिपोला, गावातल्या निम्म्या घरांची छपरं ज्यानं घातली तो डॉम, त्यानं तरुणपणी अशी एक मागवली. साधी नव्हे, सैन्यातल्या कारागिरांनी स्पर्धेसाठी खास जुळवलेली. शंभराच्या वर थोड्या डॉलरांत. पोस्टमन खोकं ओसरीवर टेकवून गेला, आणि डॉमच्या आईला वाटलं, पडद्याचे गज आले.

आता ते दिवस राहिले नाहीत. सरकारी कोठारं रिकामी झाली. निवडणूक जवळ आली की बंदुकांवर बंदी येणार अशी आवई उठते, लोक दुकानांवर तुटून पडतात, भाव चढतात. निवडणूक होते, बंदी येत नाही, आणि चढलेला भाव मात्र वरच बसून राहतो. रोगाच्या साथीच्या दोन वर्षांत तर कहर झाला. जुन्या गरँडी सोन्याच्या मोलाच्या झाल्या. नव्या काळ्या रायफलींचं म्हणाल तर स्वस्तातल्याही मिळतात, पण त्यांची गोळी मालकाचं ऐकत नाही; आणि जिची ऐकते अशी घ्यायची, तर कारखान्यातल्या माणसानं तीन-चार महिने जेवू नये. क्लबात नवी माणसं येईनाशी झाली. चांदमारीच्या ओळीत पूर्वी जागा मिळायची नाही, तिथं आता दोन म्हाताऱ्यांमध्ये एक ट्रक उभा राहील एवढं अंतर असायचं.

म्हणूनच अर्व त्या रितीला घट्ट धरून होता. ती कुठं लिहिलेली नव्हती. क्लबातला माणूस गेला की त्याची रायफल बाजारात जायची नाही. क्लबातल्याच, चांगली रायफल परवडत नाही अशा एखाद्या नव्या नेमबाजाला ती द्यायची, आणि किंमत तीच, जी गेलेल्यानं स्वतः मोजली होती. वर त्याच्या घरी खारवलेल्या डुकराच्या मांडीचं एक अख्खं हॅम. घेणाऱ्यानं हातात हात देऊन शब्द द्यायचा, की ही क्लबाबाहेर जाणार नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. रायफल कुणाला जायची ते क्लबातल्या सर्वांत जुन्या माणसानं ठरवायचं, आणि कित्येक वर्षं तो माणूस अर्व होता.

त्याला स्वतःला रायफल अशीच मिळाली होती. सैन्यातून सुटून आला तेव्हा खिशात दमडी नव्हती. कोव्हाच नावाच्या एका नेमबाजाची बायको, नवऱ्याला पुरून महिनाही झाला नव्हता, रायफल रजईत गुंडाळून घेऊन आपल्या दारात आली आणि म्हणाली, "घे रे पोरा. कपाटात बसून राहिलेली माझ्या माणसाला आवडली नसती." अर्व घरी येताना वाटभर रडला. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. डॉलीला ठाऊक होतं, कारण गाडी तीच चालवत होती.

पुढं त्यानं त्या रायफलीवर जीव लावला. नळी बदलली, दस्ता आपल्या गालाला बसेल असा तासला, लोखंड आणि लाकूड यांच्यामधली फट राळेनं भरून काढली, चाप घासून लोण्यासारखा मऊ केला. डॉमनं आपलीला मात्र कधी बोट लावलं नाही. "सरकारनं शहाणी माणसं पगार देऊन बसवली होती, त्यांनी केलंय सगळं. मी कशाला डोकं घालू?" असं तो म्हणे. अर्व म्हणे, आळशी आहेस. तरी दर दोन स्पर्धांत एकदा डॉम त्याला हरवायचा, आणि हरवून झालं की ओठांतल्या ओठांत शीळ घालायचा, तेवढं अर्वला सहन होत नसे.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत डॉम छातीच्या दुखण्यानं गेला. अर्वनं शवपेटीला खांदा दिला, चर्चच्या तळघरात मयताच्या जेवणाला बसला. महिन्याच्या प्रार्थनेनंतर तो डॉमच्या बायकोकडे, लोरेटाकडे गेला. तिनं कॉफी दिली, लिंबाची बिस्किटं दिली. थोडा वेळ दोघं डॉमच्या शिळेला नावं ठेवून हसले. मग ती आत गेली आणि रायफल घेऊन आली, सरकारी कागदासकट.

"तू यासाठीच आलास ना?" ती म्हणाली.

"यासाठी पण."

"मग ने. रीत आहे ती."

अर्वनं डॉमची जुनी किंमत पाकिटात घालून टेबलावर ठेवली आणि हॅमचं तेवढं नाताळच्या आधी पोचेल असं सांगितलं. बाजारात अशा रायफलीला काय मिळतं, ते त्याला नीट माहीत होतं. बंदुकांच्या जत्रांतून हिंडताना भावाच्या चिठ्ठ्या वाचून तो शिव्या घालायचा. पण लोरेटाजवळ तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

रात्रीच्या जेवणाला डॉलीनं विचारलं, "ती केवढ्याची आहे, सांगितलंस तिला?"

"विकायचीच नाही, तर सांगायचं कशाला?"

"तिची आहे म्हणून."

"डॉली, उगाच तिच्या डोक्यात भाव भरवायचा आणि मग ती बिचारी विचार करत बसायची? डॉमला काय वाटलं असतं?"

"डॉमचं जाऊ दे. तिला काय वाटलं असतं?"

अर्वनं बटाटे मागून घेतले. वादात हरायला लागला की तो बटाटे मागतो.

रायफल त्यानं टॅनर ग्रोव्हला दिली. तिशीतला, कारखान्यात दुसऱ्या पाळीला भट्टीवर काम करणारा, क्लबाची खिळखिळी उसनी रायफल घेऊन येणारा, आणि तसल्या रायफलीनंही काळ्या गोलात गोळ्या घालणारा. अर्वला त्याच्यात काही दिसलं होतं. टॅनरनं रायफल हातात घेतली तेव्हा त्याचा चेहरा पाहून अर्वला आपला कोव्हाचबाईच्या दारातला दिवस आठवला. टॅनरनं शब्द दिला, हात घट्ट दाबला, आणि हॅमही स्वतः नेऊन दिलं. अर्व घरी येऊन डॉलीला म्हणाला, "अजून वीस वर्षं क्लब मरत नाही बघ."

हिवाळा त्या वर्षी दात खाऊन आला. बर्फ पडलं की अर्व आपलं अंगण साफ करायच्या आधी लोरेटाचं करायचा. डॉमच्या मागं तेवढं तरी. ती दार किलकिलं करून कॉफीचा कप बाहेर द्यायची. आत ये असं कधी म्हणाली नाही. अर्वला वाटलं, आपल्या बुटांचा चिखल तिला नको असेल. बाई पहिल्यापासून टापटिपीची. कोट घालून असते हेही त्यानं पाहिलं. पण म्हाताऱ्या बायका कोट घालतातच, असं म्हणून तो फावडं चालवत राहिला. डोळ्यांवर कातडं ओढायचं ठरवलं की माणसाला कारणांचा तोटा पडत नाही.

ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लेंट, लागला. शेजारच्या गावी अग्निशमन दलाच्या सभागृहात बंदुकांची जत्रा भरली. अर्व दरसाल जातो; घेत काही नाही, माशाचं सँडविच खातो आणि भाव वाचून रक्तदाब वाढवून घेतो. शनिवारी सकाळी तो टेबलांमधून फिरत होता आणि एका टेबलापाशी त्याचे पाय थांबले. हिरव्या मखमलीवर एक गरँड. तिच्या दस्त्याच्या टोकाला एक खोक होती. ट्रकचं झाकण पडून ती झाली तेव्हा अर्व तिथं उभा होता. शेजारी प्लॅस्टिकमध्ये तो सरकारी कागद, त्यावर टाइप केलेलं नाव: डॉमिनिक सिपोला. आणि चिठ्ठीवर पाच हजारांच्या वरचा आकडा.

"हात लावला तर चालेल," टेबलामागचा व्यापारी म्हणाला. गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. "अशी पुन्हा बघायला मिळायची नाही, सर. आली तशी आहे. कोणी एक स्क्रू फिरवला नाहीये."

"कुणाकडून घेतली?"

"एका तरुण पोराकडून. नाताळच्या सुमाराला. रीतसर. का हो, चोरीची आहे का?"

"नाही," अर्व म्हणाला. "चोरीची नाही."

सँडविच न खाताच तो निघाला आणि थेट टॅनरच्या घरी गेला. टॅनर डोंगरावरच्या एका फिरत्या घरात राहतो. दार त्यानंच उघडलं, आणि अर्वचा चेहरा बघून त्याला सगळं समजलं. तो गडबडला नाही, हे अर्वला जास्त लागलं.

"या ना, अर्व. बाहेर गारठा आहे."

"शब्द दिला होतास तू."

"दिला होता. आधी आत तर या."

आत टेबलावर एक नवी काळी रायफल होती, दुर्बीण बसवलेली, स्पर्धेतली माणसं जिच्याकडे नुसतं बघून सुस्कारा टाकतात तशी. अर्वनं ती ओळखली. अशा रायफलीसाठी लोक वर्ष-वर्ष पैसे साठवतात.

"डॉमची विकून ही घेतलीस?"

"हो. दारू नाही प्यायलो, जुगार नाही खेळलो. रायफल देऊन रायफल घेतली. अर्व, त्या गरँडनं आज कोण जिंकतं सांगा? समोरचे सगळे असल्या घेऊन येतात. माझ्या पगारात मला ही जन्मात मिळाली असती का? तुम्हाला नेमबाज हवा होता ना क्लबाला? हा मी आहे. पुढच्या महिन्यात या मैदानावर, दाखवतो."

"ती क्लबाबाहेर जायची नव्हती."

"सगळ्यांच्याच जातात," टॅनर म्हणाला. "क्लबातला वॉल्ट गेला, त्याची रायफल कुठं आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"त्याच्या पुतण्याकडे. क्लबातलाच आहे तो."

"ओहायोतल्या एका दातांच्या डॉक्टरच्या भिंतीवर. त्याच्या आधीच्या दोघांच्यासुद्धा गेल्या. घरच्यांनी विकल्या. आणि का नाही विकायच्या? तुम्हाला कोणी सांगत नाही, कारण तुम्ही चिडता. क्लबातले म्हणतात, पोपला कशाला दुःख द्या. ती रीत तुमच्याशिवाय कोणी पाळत नाही, अर्व. तुम्ही आणि ती सिपोलाबाई, बस्स."

अर्व बाहेर पडला. दार त्यानं ओढून घेतलं. टॅनरनं मागून हाक मारली, "मी वाईट माणूस नाहीये, अर्व!" आणि दुर्दैव असं, की नव्हताच तो.

तिथून तो लोरेटाकडे गेला. तिला सांगायलाच हवं होतं. पुढचं दार वाजवलं, उत्तर आलं नाही, म्हणून तो मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरला, पूर्वी डॉम असताना शिरायचा तसा.

स्वयंपाकघरात तिचा पलंग होता. गॅसच्या ओव्हनचं दार उघडं, त्याच्यासमोर खुर्ची, खुर्चीवर लोरेटा, कोटात, गुडघ्यांवर दोन रजया. दिवाणखान्याकडच्या दाराला घोंगडी ठोकलेली. अर्वनं घोंगडी बाजूला केली आणि पलीकडे पाहिलं. छत फुगून लोंबत होतं, भिंतींवर पाणी ओघळल्याचे डाग, आणि जिच्यातून बॉयलरचं गरम पाणी फिरून घर तापतं, ती भिंतीलगतची लोखंडी नळी मधोमध उकललेली.

"बॉयलर कधी गेला?" त्यानं विचारलं.

"नोव्हेंबरात."

"नोव्हेंबर?"

"डॉमच्या महिन्याच्या प्रार्थनेच्या आठवड्यात. मिस्त्री म्हणाला, नवाच बसवावा लागेल." तिनं रजई सारखी केली. "जानेवारीत वरचे नळ फुटले. मग मी पाणीच बंद केलं. फक्त इथला एक नळ चालू ठेवलाय."

"मी रोज बाहेर बर्फ काढत होतो, लोरेटा. रोज तुझ्या दारात."

"हो. चांगलं काढायचास."

 आपण आलो होतो कशासाठी, ते अर्व बोलला नाही. तिला घरी चल म्हणाला, डॉली खोली तयार करेल म्हणाला. ती नाही म्हणाली. इतके दिवस काढले, आणखी थोडे. टेरेसा, तिची मुलगी, नॉर्थ कॅरोलायनाहून शुक्रवारी न्यायला येणार होती. तिकडे म्हाताऱ्यांसाठी एक जागा बघितली होती, दोघींत एक खोली. घर आहे त्या अवस्थेत कुणीतरी घेणार होतं, पाडायलाच.

नव्या बॉयलरची किंमत अर्वला कुणी सांगायची गरज नव्हती. स्वतःच्या घरचा त्यानं तीन वर्षांपूर्वी बदलला होता. ती त्या मखमलीवरच्या चिठ्ठीतून भागली असती. नोव्हेंबरातच भागली असती. हिशेब एवढा सोपा होता, की तो रात्रभर डोक्यातून जाईना.

रविवारी सकाळी प्रार्थनेला न जाता त्यानं आपली रायफल रजईत गुंडाळली. डॉली दारात उभी होती. तिनं त्याचा मफलर नीट केला.

जत्रेतल्या त्याच व्यापाऱ्यानं रायफल हातात घेतली आणि पहिल्यांदा त्याचे डोळे चमकले. "ही पण त्याच काळातली, खास जुळवलेली! अरे वा, या गावात आहे तरी काय?" मग त्यानं ती उलटी केली, नळीवरचा शिक्का पाहिला, दस्त्यावर बोट फिरवलं, चाप दाबून बघितला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला.

"नळी बदललीय."

"जुनी झिजली होती. ही जास्त अचूक आहे. तीनशे यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत दहा गोळ्या."

"दस्ता तासलाय. आत राळ भरलीय. चाप घासलाय." तो दुःखानं मान हलवत होता, आणि ते नाटक नव्हतं. "सर, तुम्ही उत्तम काम केलंय. माझ्याकडच्या त्या रायफलीपेक्षा ही नक्कीच चांगली चालत असेल. पण माझं गिऱ्हाईक ती चालवत नाही. भिंतीला लावतं. त्याला हात न लागलेली हवी असते. तुम्ही नुसती कपाटात ठेवली असती ना, तर आज मी तुम्हाला आधी खुर्ची दिली असती आणि मग आकडा सांगितला असता."

"किती?"

त्यानं सांगितलेला आकडा डॉमच्या चिठ्ठीच्या सहाव्या हिश्श्याएवढाही नव्हता. पन्नास वर्षं जे जे म्हणून त्यानं तिच्यासाठी केलं होतं, ते एक-एक करून वजा झालं होतं. अर्वनं घासाघीस केली नाही. त्याच मखमलीवर, डॉमच्या रायफलीशेजारी त्याची रायफल ठेवली गेली. मागं वळून न बघता तो निघाला.

लोरेटा पुढच्या खोलीत होती. थंडगार, ओलसर खोली; कोट, टोपी आणि हातमोजे घालून ती चिनी मातीच्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. अर्वनं पैशांचं पाकीट खोक्यावर ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. टॅनरचं, जत्रेचं, चिठ्ठीचं. आणि जे सर्वांत जड होतं तेही: "मला तिचा भाव तेव्हाच माहीत होता, लोरेटा. तुझ्या टेबलाशी बसून बिस्किटं खाताना माहीत होता. मी बोललो नाही."

लोरेटानं हातातली बशी नीट गुंडाळून खोक्यात ठेवली.

"मला पण माहीत होता," ती म्हणाली.

"काय?"

"भाव. टेरेसाच्या नवऱ्यानं फोनवर सांगितला होता, मयताच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाला, विका आणि बॉयलर बसवा."

"बॉयलर तर नंतर गेला म्हणालीस."

"कुरकुर आधीपासून होती. तू रायफल न्यायला आलास त्याच्या दोन दिवस आधी बंद पडला." तिनं दुसरी बशी उचलली. "तेव्हा तू त्या खोलीत बसून हात चोळत होतास की. तुझं लक्षच नव्हतं."

अर्वला खरंच आठवत नव्हतं. त्याला डॉमची शीळ आठवत होती, बिस्किटं आठवत होती, रायफल आठवत होती.

"मग दिलीस कशाला?" त्याचा आवाज चिरकला. "सांगायचंस मला! मी काय दगड आहे? एक शब्द बोलली असतीस..."

"तू डॉमचा सगळ्यात जवळचा माणूस, अर्व. मी म्हटलं, हा बोलेल. हा नियमांचा माणूस आहे, पण खोटा नाही. म्हणेल, लोरेटा, ही आता एवढ्याची आहे, तू ठरव. तू भाव बोलला असतास ना, तर मी बॉयलरचं बोलले असते. तू रीत तेवढी धरून बसलास. मग मी कुठल्या तोंडानं सांगू, की माझ्या नवऱ्याची रायफल मला विकायची आहे?"

अर्व खोक्यांच्या मध्ये उभा राहिला. त्यानं पाकीट तिच्याकडे सरकवलं.

"हे घे निदान. माझीचे आहेत."

"तुझी विकलीस?" पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. "अरे वेड्या. आता त्याचं काय करू मी? काय तापवू? छत खाली आलंय." तिनं पाकीट उचललं, त्याच्या कोटाच्या खिशात घातलं आणि खिशावर हात थोपटला. "डॉलीला सांभाळून ठेवायला दे. पुढं तिला लागतील."

बाहेर पुन्हा बर्फ भुरभुरायला लागलं होतं. अर्व दारापर्यंत गेला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून तो दार ओढून घ्यायला लागला. गारठा आत नको जायला.

"राहू दे उघडं," लोरेटा आतून म्हणाली. "इथं आणि बाहेर काही फरक नाही."